छोट्या कम्युनिटी कॉलेजात शिकवतं कोण?

अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलगा किंवा मुलगी बारावीला आली की कम्युनिटी कॉलेजचा विषय निघतोच. फी कमी, घराजवळ, पहिली दोन वर्षं तिथे काढून मग विद्यापीठात जाता येतं. पण लगेच शंकाही येते: तिथले प्राध्यापक पीएच.डी. नसतात म्हणे, मग शिकवणार कोण आणि काय? हीच माहिती काही जणांना उलट्या बाजूने हवी असते. भारतातून एम.एस्सी. करून आलेल्या अनेकांना, विशेषतः इथे आल्यावर काही वर्षं घरी राहिलेल्या बायकांना, त्या कॉलेजात शिकवायचं असतं. जाहिरात वाचली की मात्र किमान पात्रता, समकक्षता, अर्धवेळ उमेदवारांची यादी या शब्दांतून वाट सापडत नाही.

नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून मी कॅलिफोर्निया धरून सांगतो. तिथे ७३ जिल्ह्यांत ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. (हे जिल्हे म्हणजे कॉलेजं चालवणाऱ्या संस्था, आपल्याकडचे महसुली जिल्हे नव्हेत.) लॉस एंजेलिससारख्या शहरातली कॉलेजं प्रचंड मोठी आहेत, पण मला सांगायचं आहे ते छोट्या कॉलेजाबद्दल. सिएरा नेवाडा डोंगररांगांत प्लुमास काउंटीत क्विन्सी नावाचं गाव आहे. तिथलं फेदर रिव्हर कॉलेज हे त्याचं उत्तम उदाहरण. १९६८ साली ते दूरच्या ओकलंडमधल्या पेराल्टा जिल्ह्याची शाखा म्हणून सुरू झालं आणि १९८८ साली स्वतंत्र झालं. भोवती जंगल, आणि रेनो किंवा चिको गाठायचं तर डोंगरातून लांबची गाडी. कायद्याच्या दृष्टीने हे कॉलेज आणि शहरातलं पंचवीस-तीस हजार विद्यार्थ्यांचं कॉलेज एकच. शिक्षकाची पात्रता तीच, समित्या त्याच, राज्याला पाठवायचे अहवालही तेच. फक्त ते सगळं ओढायला माणसं मोजकी. छोट्या कॉलेजाची अर्धी गोष्ट यातच आली.

आधी थोडा इतिहास, कारण पात्रतेचे नियम असे का आहेत ते त्याशिवाय कळत नाही. अमेरिकेतलं आजही चालू असलेलं सर्वांत जुनं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट गावात सुरू झालं, तेही तिथल्या हायस्कूलला जोडून. कॅलिफोर्नियात १९०७ च्या कायद्याने हायस्कुलांना बारावीनंतरचे वर्ग चालवायची मुभा मिळाली आणि १९१० साली फ्रेस्नोत पहिलं असं कॉलेज निघालं. म्हणजे ही संस्था विद्यापीठाची धाकटी शाखा म्हणून जन्माला आली नाही, ती शाळेतून वर वाढली. त्यामुळे कितीतरी वर्षं इथल्या शिक्षकाला शाळेतल्या शिक्षकासारखाच राज्याचा अध्यापन परवाना लागत असे. १९८८ साली विधानसभेने असेंब्ली बिल १७२५ या नावाने ओळखला जाणारा कायदा केला आणि घडी बदलली. परवाना गेला. त्याऐवजी विषयवार किमान पात्रता आली. अभ्यासक्रम आणि शैक्षणिक धोरणात सिनेटला, म्हणजे कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या मंडळाला, कायदेशीर वजनही याच कायद्याने मिळालं. आज कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजच्या प्राध्यापकाचं जे काही स्थान आहे, त्याचा पाया हा कायदा आहे.

आता प्रत्यक्ष पात्रता. राज्याची एक विषयसूची आहे आणि तिचे मुख्यतः दोन भाग पडतात. पहिल्या भागात गणित, इंग्रजी, इतिहास, जीवशास्त्र, मानसशास्त्र असे विषय येतात. इथे त्या विषयातली मास्टर्स पदवी हवी. किंवा त्या विषयातली बॅचलर्स आणि जवळच्या एखाद्या विषयातली मास्टर्स चालते, आणि जवळचा विषय कुठला हेही सूचीत लिहिलेलं असतं. गणिताचं बघा. गणित किंवा उपयोजित गणितात मास्टर्स असेल तर प्रश्नच नाही. नसेल, तर यांपैकी एकात बॅचलर्स आणि वर संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा गणित-शिक्षण यात मास्टर्स असली तरी चालते.

यूजीसीच्या नियमांची सवय असलेल्या माणसाला इथे दोन गोष्टी लगेच जाणवतात. आपल्याकडे सहायक प्राध्यापक व्हायचं तर पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि वर नेट, सेट किंवा पीएच.डी. लागते. कॅलिफोर्नियात टक्क्यांची अट नाही, पात्रता परीक्षा नाही, पीएच.डी. सक्तीची नाही. संशोधनाची आणि शोधनिबंधांची अपेक्षाही नोकरीत नसते. पीएच.डी. असलेले पुष्कळ जण तिथे शिकवतात आणि पगाराच्या तक्त्यात त्यांना वरचा रकाना मिळतो, पण त्या पदवीने अधिकार वाढत नाही. कॅल्क्युलसचा पहिला कोर्स शिकणाऱ्या मुलाला शोधनिबंध लिहिणारा शिक्षक मिळाला नाही म्हणून त्याचं नुकसान होतं, असं मला वाटत नाही. मोठ्या विद्यापीठांत तोच कोर्स तीनशे मुलांच्या सभागृहात होतो आणि उदाहरणं सोडवून घेणारा बहुधा स्वतःच शिकत असलेला सहायक असतो. कम्युनिटी कॉलेजात तीस-चाळीस मुलांसमोर मास्टर्स झालेला, शिकवणं हेच मुख्य काम असलेला माणूस उभा असतो. आईवडिलांनी पदवीच्या नावाआधी हे बघावं.

सूचीचा दुसरा भाग मला या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. वेल्डिंग, ऑटोमोटिव्ह, कॉस्मेटॉलॉजी, पोलीस-प्रशासन अशा विषयांत मास्टर्सची सर्वसाधारण अपेक्षाच नसते. तिथे कुठलीही बॅचलर्स पदवी आणि त्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव, किंवा दोन वर्षांची असोसिएट पदवी आणि सहा वर्षांचा अनुभव लागतो. फेदर रिव्हरसारख्या रँचच्या मुलखातल्या कॉलेजात घोड्यांची निगा आणि प्रशिक्षण हा विषय शिकवला जातो, तोही या दुसऱ्या भागातला. सहा वर्षं घोडे हाताळलेल्या माणसाचं ज्ञान इथे पात्रता म्हणून कागदावर मोजलं जातं. आणि नेमणूक झाली की तो साहित्य शिकवणाऱ्या प्राध्यापकाच्या शेजारी त्याच सिनेटमध्ये बसतो, त्याच्या मताला तेवढीच किंमत असते. आपल्याकडे आयटीआयचा निदेशक आणि सीनियर कॉलेजचा प्राध्यापक यांची आयुष्यात एका बैठकीत गाठ पडत नाही. दोघांची खाती वेगळी, वेतनश्रेणी वेगळी आणि समाजातला मानही वेगळा.

सूचीत नेमकी बसणारी पदवी नसेल तर समकक्षतेचा मार्ग असतो. आपलं शिक्षण आणि अनुभव किमान पात्रतेइतकाच आहे, हे उमेदवाराने कागदपत्रांनी सिद्ध करायचं आणि कॉलेजच्या प्राध्यापकांच्या समितीने ते तपासायचं. यात तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. समकक्षता म्हणजे सवलत नव्हे, पातळी तेवढीच लागते. ती पूर्ण विषयासाठी मिळते, एखाद्या कोर्सपुरती नाही. आणि एका जिल्ह्याने मान्य केलेली समकक्षता दुसऱ्या जिल्ह्यावर बंधनकारक नसते.

भारतीय पदव्यांचा घोळ वेगळा आहे. परदेशी पदवीचं मूल्यमापन मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावं लागतं आणि ते अर्जासोबत जोडावं लागतं. आपली बी.एस्सी. तीन वर्षांची, अमेरिकेतली बॅचलर्स चार वर्षांची, त्यामुळे काही संस्था तीन अधिक दोन वर्षांची बेरीज अमेरिकी मास्टर्सच्या बरोबरीची धरतात, काही धरत नाहीत. एकाच माणसाच्या एकाच गुणपत्रिकांवर दोन संस्थांचे दोन निकाल येऊ शकतात. म्हणून पैसे भरण्याआधी कॉलेजच्या मनुष्यबळ विभागाला विचारावं की ते कुठल्या संस्थांचे अहवाल स्वीकारतात, आणि तीन वर्षांच्या पदवीबद्दल त्या संस्थेचं धोरण काय आहे तेही वाचावं. दक्षिणेकडच्या राज्यांत जाणाऱ्यांनी आणखी एक आकडा लक्षात ठेवावा. तिथल्या कॉलेजांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मास्टर्स कुठलीही असली, तरी शिकवायच्या विषयात पदव्युत्तर पातळीचे किमान १८ क्रेडिट तास असावे लागतात.

नेमणूक झाल्यावर काम काय असतं? वर्गाचं गणित सोपं आहे. पूर्णवेळ प्राध्यापकाला सर्वसाधारणपणे आठवड्याला पंधरा तास व्याख्यानं, म्हणजे तीन-तीन युनिटांचे पाच वर्ग. प्रयोगशाळेचे तास वेगळ्या हिशोबाने धरतात. शिवाय विद्यार्थ्यांना भेटण्याच्या ठरावीक वेळा. खरं वजन असतं ते उरलेल्या कामाला. कायद्याने सिनेटला दिलेल्या विषयांची यादी कॉलेजांमध्ये ‘दहा अधिक एक’ म्हणून ओळखली जाते. अभ्यासक्रम, पदवीच्या अटी, ग्रेड देण्याचं धोरण, विद्यार्थ्यांच्या यशासाठीचे नियम, मान्यता-प्रक्रियेतली प्राध्यापकांची भूमिका, विभागांचा आढावा, अर्थसंकल्प ठरवण्याची पद्धत, असं बरंच काही त्यात येतं. व्यवस्थापनाने या बाबतींत एकतर सिनेटच्या सल्ल्यावर मुख्यतः विसंबायचं, नाहीतर सिनेटशी सहमती करायची. ही मोठी सत्ता आहे. पण सत्ता वापरायला बैठकांना बसणारी माणसं लागतात.

मोठ्या कॉलेजात तीनशे पूर्णवेळ प्राध्यापक असले की पंधरा समित्या सहज भरतात. कुणी अभ्यासक्रम बघतो, कुणी भरती, आणि पुष्कळ जणांना फक्त शिकवलं तरी चालतं. छोट्या कॉलेजात इतिहासाचा एक माणूस, गणिताचे एक-दोन, रसायनाचा एक. मग ज्या बाई रसायनशास्त्र शिकवतात, त्याच प्रयोगशाळेच्या साहित्याची मागणी लिहितात, त्याच विषयाचा आढावा लिहितात, अभ्यासक्रम समितीवर त्याच असतात आणि पुढच्या वर्षी सिनेटच्या अध्यक्षपदाची पाळीही त्यांचीच येते. प्रत्येक कोर्सचा अधिकृत आराखडा लिहावा लागतो आणि ठरावीक काळाने नव्याने तपासावा लागतो. कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि राज्य विद्यापीठाने तो आपल्या कोर्सच्या तोडीचा मानला, तरच विद्यार्थ्याचे क्रेडिट पुढे जातात. त्या आराखड्यात चूक झाली तर झळ बसते ती विद्यापीठात बदली घेऊ पाहणाऱ्या मुलाला. एका माणसाच्या विभागात ही सगळी जबाबदारी एकाच्या डोक्यावर, आणि विषयाबद्दल चर्चा करायला शेजारच्या खोलीत कुणी नाही. भौतिकशास्त्राचा नवा शिक्षक निवडायचा असला तर निवड समितीवर कॉलेजातला एकही भौतिकशास्त्रज्ञ नसण्याची वेळ येते. विषयाचा एकुलता एक शिक्षक राजीनामा देऊन गेला, की त्या वर्षी विषय बंद पडण्याचीही भीती असते.

म्हणूनच छोटी कॉलेजं दोन विषय शिकवू शकणारा उमेदवार शोधतात. इथे किमान पात्रतेचा नियम आडवा येतो, आणि तो आडवा येतो हे मला योग्य वाटतं. गणिताच्या प्राध्यापकाला भौतिकशास्त्र कितीही चांगलं येत असलं, तरी त्या विषयाची पात्रता नसेल तर तो वर्ग त्याला देता येत नाही. प्राचार्यांची अडचण असो, ऐनवेळी कुणी आजारी पडो, नियम बदलत नाही. छोट्या गावातल्या मुलाला शहरातल्या मुलाइतकाच पात्र शिक्षक मिळण्याची एवढीच हमी आहे. पण मग ज्याच्याकडे इतिहास आणि राज्यशास्त्र अशा दोन्ही पात्रता आहेत, त्याचा अर्ज अशा कॉलेजात वर येतो.

कॅलिफोर्नियात समुपदेशक आणि ग्रंथपाल हेही प्राध्यापकच मानले जातात. समुपदेशकाला समुपदेशन किंवा जवळच्या विषयातली मास्टर्स हवी, ग्रंथपालाला ग्रंथालयशास्त्रातली. सिनेटमध्ये त्यांना मत असतं, कायम होण्याची प्रक्रियाही तीच. पण १९६१ पासूनचा एक नियम आहे, ज्याला तिथे ‘पन्नास टक्क्यांचा कायदा’ म्हणतात. कॉलेजच्या शैक्षणिक खर्चातला निम्मा तरी भाग वर्गात शिकवणाऱ्यांच्या पगारावर गेला पाहिजे. हेतू चांगला आहे, पैसा कार्यालयांत मुरू नये. मात्र या हिशोबात समुपदेशक आणि ग्रंथपाल वर्गाच्या बाजूला धरले जात नाहीत. अमुक कोर्स घेतलास तर बदली हुकेल, हे पहिल्या पिढीतल्या मुलाला सांगणारा माणूस हिशोबाच्या चुकीच्या बाजूला पडतो. छोट्या कॉलेजात एका समुपदेशकाची जागा वाढवायची म्हटली, तरी हा आकडा आधी तपासावा लागतो. हा नियम बदलायला हवा असं माझं ठाम मत आहे.

कायम होण्याची वाट चार वर्षांची आहे. पहिलं वर्ष, मग दुसरं, आणि तिसरा करार दोन वर्षांचा. या काळात दरवर्षी मूल्यमापन होतं. सहकारी वर्गात येऊन बसतात, विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतात, आणि पुढे ठेवायचं की नाही हे १५ मार्चपर्यंत कळवावं लागतं. कायम झाल्यावरही तीन वर्षांतून एकदा तरी मूल्यमापन चुकत नाही.

आणि आता अर्धवेळ प्राध्यापक. पात्रतेची अट पूर्णवेळ आणि अर्धवेळ दोघांना अक्षरशः एकच आहे. तीच सूची, तीच मास्टर्स, विद्यार्थ्याला मिळणारे क्रेडिटही तेच. नोकरी मात्र दोन वेगळ्या जगांतली. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. नेट-सेट असूनही तासाच्या दराने काम, दरवर्षी नव्याने नेमणूक, सुट्टीत उत्पन्न नाही, हे त्यांनी भोगलेलं आहे. कॅलिफोर्नियात कायदा सांगतो की अर्धवेळ प्राध्यापकाला एका जिल्ह्यात पूर्णवेळ भाराच्या ६७ टक्क्यांहून जास्त काम नियमितपणे देता येत नाही. ते ओलांडलं तर त्याला कायमच्या वाटेवर घ्यावं लागेल. २००८ पर्यंत ही मर्यादा ६० टक्के होती. पंधरा तासांच्या हिशोबाने सांगायचं तर तीन वर्ग, त्यापुढे नाही. मर्यादा जिल्ह्यागणिक असल्यामुळे शहरांत लोक दोन-तीन जिल्ह्यांत शिकवतात आणि दिवसाचे कितीतरी तास गाडीत घालवतात. त्यांना ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. एका माणसाचे सहा वर्ग, तीन कॉलेजं, तीन ईमेल, आणि कुठेच स्वतःची खोली नाही. विद्यार्थ्याला वर्गानंतर भेटायचं असेल तर कुठे भेटायचं?

नोंदणी कमी झाली की वर्ग रद्द होतो आणि त्यासोबत अर्धवेळ माणसाचं कामही. १९८९ साली कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने सर्व्हिसी खटल्यात हेच मान्य केलं. पुढच्या सत्राचं काम नोंदणीवर अवलंबून असेल तर ते कामाचं पक्कं आश्वासन होत नाही, म्हणून दोन सत्रांच्या मधल्या काळात या प्राध्यापकांना बेरोजगार भत्ता मागता येतो. आरोग्य विम्यासाठी २०२२ च्या राज्य अर्थसंकल्पात २० कोटी डॉलरची वार्षिक तरतूद वाढवली गेली, पण जिल्ह्याने योजना स्वीकारली तरच तिचा फायदा पोचतो. नोकरी घेताना हे विचारायला अजिबात लाजू नये. १९८८ च्या कायद्याने ठेवलेलं उद्दिष्टही सांगितलं पाहिजे. वर्गातले ७५ टक्के तास पूर्णवेळ प्राध्यापकांनी शिकवावेत, असं ते होतं. राज्यभराचा हिशोब केला तर ते अजून गाठलेलं नाही.

क्विन्सीसारख्या ठिकाणी फ्रीवे फ्लायर होणंही शक्य नाही, कारण दुसरं कॉलेज डोंगरापलीकडे आहे. त्यामुळे अर्धवेळ शिक्षक गावातलेच असावे लागतात. प्लुमास राष्ट्रीय वनाचं मुख्य कार्यालय क्विन्सीत आहे. वनखात्यातले, दवाखान्यातले, निवृत्त झालेले असे लोक हा या गावाचा ज्ञानाचा साठा. कुणाकडे नेमकी मास्टर्स असते, कुणाकडे नसते, आणि जिच्याकडे असते ती व्यक्ती नोकरी बदलून गेली की कॉलेजला तो कोर्स यादीतून काढावा लागतो. ऑनलाइन वर्गांमुळे थोडी सोय झाली आहे, दूरच्या शहरातला पात्र माणूस शिकवू शकतो. पण प्रयोगशाळा, वर्कशॉप आणि घोड्यांचा तबेला ऑनलाइन होत नाही.

हायस्कूलच्या मुलांना कॉलेजचे कोर्स देण्याची सोय २०१५ च्या कायद्याने सोपी झाली, आणि तिथे पात्रतेचा नियम सर्वांत कडक भासतो. शाळेतली बाई बॅचलर्स आणि अध्यापन परवान्यावर बारावीला उत्तम कॅल्क्युलस शिकवत असेल. पण त्याच खोलीत, त्याच मुलांना, कॉलेजच्या क्रेडिटसाठी तोच विषय शिकवायचा तर तिला कॉलेजची किमान पात्रता लागते. गावातल्या शाळेत गणितात मास्टर्स केलेलं कुणी नसेल, तर मुलांना कॉलेजात जावं लागतं, कॉलेजच्या प्राध्यापकाला शाळेत यावं लागतं, किंवा तो कोर्स पडद्यावरून घ्यावा लागतो. कॉलेजात गणिताचे दोनच पूर्णवेळ प्राध्यापक असतील, तर शाळेतला हा वर्गही त्यांच्याच पंधरा तासांतून काढावा लागतो.